मेंदू शाबूत असतो, हे कोणी सांगितले?

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला मोटर न्यूरॉन आजारावरचा, म्हणजे हालचाल घडवणाऱ्या चेतापेशी झिजत जाण्याच्या आजारावरचा, लेख वाचला. स्टीफन हॉकिंग यांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत 'शरीर थांबते, मेंदू मात्र शंभर टक्के शाबूत'. ते वाचून रात्रभर तळमळत होते, म्हणून लिहिते आहे. हॉकिंग यांना १९६३ मध्ये निदान झाले आणि ते २०१८ पर्यंत जगले. ते अपवाद होते. बहुतेकांना लक्षणे सुरू झाल्यापासून दोन ते पाच वर्षेच मिळतात.

आमच्या ह्यांना हा आजार होता. आधी उजव्या हाताची पकड गेली, मग जीभ जड झाली. ते सगळ्यांना दिसत होते. स्वभाव बदलत चालला होता, तो मात्र मला एकटीलाच कळत होता. घासातला घास काढून देणारा माणूस ताटातले गोड दुसऱ्याला लागू देईना. नातू तापाने फणफणला तरी साधी चौकशी नाही.

त्यातच मोठ्या दिरांचे दहावे आले. संगम माहुलीचा घाट. पिंडाला कावळा शिवेना, सगळे हात जोडून उभे, 'पोरांकडे आम्ही बघू' असे एकेक जण कबूल करतोय, आणि तेवढ्यात हे हसायला लागले. मोठमोठ्याने. थांबता थांबेनात. डोळ्यांतून पाण्याच्या धारा आणि हसू चालूच. शेवटी पुतण्याने दंडाला धरून त्यांना पायऱ्यांवरून वर नेले. सख्ख्या भावाच्या पिंडापुढे हसला, असे भावकीत आजही बोलले जाते. हे जाईपर्यंत जाऊबाई आमच्या दारात आल्या नाहीत.

हसणे-रडणे आवरणारे मेंदूतले मार्ग या आजारात दुखावतात. आत दुःख असले तरी बाहेर हसू फुटते आणि माणसाला ते थांबवता येत नाही. त्यावर गोळ्याही मिळतात. हे मला फार उशिरा पुण्यातल्या एका डॉक्टरांनी समजावले. त्याआधीच्या डॉक्टरांनी 'एमआरआय नॉर्मल आहे, मेंदूला काही झालेले नाही' असे सांगून आमची बोळवण केली होती. तुमच्या लेखाने काल तेच पुन्हा ऐकवले.

साध्या एमआरआयमध्ये पुष्कळदा काही सापडत नाही, हे खरे. पण त्याच यंत्रात रुग्णाला स्वस्थ पडून राहायला सांगून, मेंदूचे कोणते भाग एकमेकांच्या तालात काम करतात हे मोजता येते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये असा अभ्यास प्रसिद्ध केला. हालचालीच्या भागांना जोडणारे तंतू झिजलेले होते, तरी त्याच भागांतला संपर्क निरोगी माणसांपेक्षा वाढलेला होता. तुमच्या लेखात या वाढीला 'मेंदूची जिद्द' म्हटले आहे. ती जिद्द असती तर सावकाश आजारवाल्यांत ती जास्त दिसायला हवी; मग ज्यांचा आजार सावकाश वाढत होता, त्यांचाच संपर्क निरोगी माणसांच्या सर्वांत जवळचा का निघाला? आवर घालणाऱ्या पेशी निकामी होत असाव्यात, म्हणजे ब्रेकच गेलेला असावा, अशी शंका संशोधकांनी मांडली. आणि हा बिघाड हालचालीच्या भागापुरता राहत नाही. कपाळामागच्या आणि कानशिलाजवळच्या भागांचे जाळेही त्यात सापडते. सुमारे निम्म्या रुग्णांच्या विचारांत किंवा वागण्यात फरक पडतो, दहा-पंधरा टक्क्यांना तर त्या भागांचा स्मृतिभ्रंशच होतो. हा आजार आणि तो स्मृतिभ्रंश, दोन्हींत टीडीपी-४३ नावाचे एकच प्रथिन पेशींत साचते, हे २००६ पासून माहीत आहे.

ते स्कॅन अजून संशोधनापुरतेच आहेत, एकेका रुग्णाचे निदान त्यावरून होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण विचारांतला आणि वागण्यातला असा फरक ओळखायला एडिंबरात तयार झालेली एक प्रश्नोत्तरांची चाचणी आहे. तिला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि तिच्यात वागण्याबद्दल घरच्यांनाही विचारतात. आम्हाला कोणी विचारले असते तर मी सगळे सांगितले असते. लेखात तिचा उल्लेख हवा होता. आता किमान दुरुस्ती तरी छापा, आणि त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. जाऊबाईंकडे तुमचाच पेपर येतो.

आणखी एक. लेखाच्या शेजारीच याच आजारावर 'स्टेम सेलने खात्रीशीर उपचार' अशी पाव पान जाहिरात होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या आजारावर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही, रीतसर चाचणीबाहेर तो द्यायचाच नाही. आमच्या ओळखीच्या एका घराने यापायी रस्त्याकडेची जमीन विकली आणि माणूस ठरल्या वेळीच गेला. घाबरलेल्या घरात पेपर दोनदा वाचला जातो, एकदा लेखासाठी आणि एकदा जाहिरातीसाठी. आरोग्याच्या पानावर तरी असल्या जाहिराती घेऊ नका.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा
(नाव छापू नये, ही विनंती.)