राखेबद्दल, तुम्ही येण्याआधी

कागोशिमा, जपान,
१२ जून

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तिकिटं काढलीस हे वाचून फार आनंद झाला. वहिनींच्या दम्याचं विचारलंस, म्हणून आज फक्त राखेबद्दलच लिहितो.

ही राख ज्याची, तो साकुराजिमा ज्वालामुखी इथून खाडीपलीकडे दिसतो, बोटीने पंधरा मिनिटांवर. तुम्ही नेमके उन्हाळ्यात येताय, आणि उन्हाळ्यात वारा डोंगरावरून शहराकडे वाहतो. हिवाळ्यात हीच राख पलीकडे ओसुमी द्वीपकल्पावर पडते. म्हणून इथे टीव्हीवर पावसापाण्याबरोबर डोंगरावरच्या वाऱ्याची दिशाही सांगतात. ती बघितल्याशिवाय आम्ही कपडे वाळत घालत नाही. १८ ऑगस्ट २०१३ ला तर राखेचा लोट ५,००० मीटर उंच गेला होता आणि दिवसाउजेडी गाड्यांना दिवे लावावे लागले होते.

एक लक्षात ठेव, 'राख' या शब्दावर जाऊ नकोस. आजीच्या चुलीतली राख मऊ असायची, भांडी घासायला चालायची. ही म्हणजे दगडाचा आणि काचेचा चुरा. पाण्यात विरघळत नाही. पहिल्याच उन्हाळ्यात मी सवयीने चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला; ते बारीक चरे अजून दिव्यासमोर दिसतात. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, पाण्याने धुवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी नकोतच. गाडीच्या काचेवर कोरडे वायपर फिरवू नकोस, आधी पाणी सोड.

राख पडू लागली की खिडक्या लावून घ्यायच्या, दाराच्या फटीत ओला टॉवेल, बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद. बाहेरून आलं की कपडे दारातच झटकायचे. वहिनींनी त्या दिवशी घरातच राहावं, झाडलोटीला तर अजिबात हात लावू नये. इनहेलर आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणा. रुमाल किंवा ओढणी पुरत नाही रे, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो. त्यांना तो घालून दम लागतो का, हे डॉक्टरांना आधीच विचार.

साफसफाईत मी जे केलं ते तू करू नकोस. गॅलरीत सरळ बादली ओतली. चिखल पाइपात उतरला आणि सिमेंटसारखा बसला. दोन दिवस पाणी तुंबलं. कोरडी झाडली तर उडून नाकात जाते. म्हणून सडा घालतो तसं पाणी हाताने शिंपडायचं, पण त्याहून हलकं, नुसती दबेल इतकंच. मग फावड्याने पिशवीत. नगरपालिका त्यासाठी पिवळ्या पिशव्या फुकट देते. भरून, तोंड बांधून ठरलेल्या जागी ठेवायच्या, रोजच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत.

तुमच्यासाठी बघितलेल्या घरात डोंगराच्या उलट बाजूला एक खोली आहे. ती वहिनींना द्या. परवा जाऊन तिच्या खिडकीच्या फटींना टेप लावून आलोय, पिवळ्या पिशव्यांचा गठ्ठाही दारामागे ठेवलाय.

तुझा मित्र