हाड जुळलं आहे, काळजी नसावी

लीड्स, 8 फेब्रुवारी

तीर्थरूप आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. डावा हात पूर्ण वर जातो. वेणी स्वतः घालते, पोळ्या लाटते, बसमधली वरची दांडी त्याच हाताने धरते. हे सगळ्यात आधी लिहिलं, कारण आई पहिल्या चार ओळी वाचून पत्र बाबांच्या हातात देते.

संक्रांतीला फोनवर सगळं एकदम तोंडातून गेलं आणि आईने फोन ठेवला. तेव्हापासून बोलायला गेले की गळा दाटतो, म्हणून कागदावर. ऑक्टोबरमध्ये घोड्यावरून पडले, खांद्याजवळचं हाड मोडलं आणि जानेवारीत सांगितलं, ही माझी चूक. दिवाळीत तुम्ही म्हणत होतात, फोन इतका तोंडाशी का धरतेस, कंदील तरी दाखव. हात गळ्यात बांधलेला होता.

आई, घोडी मारकी नाही गं. कुंपणातून कोंबडीएवढा एक पक्षी फडफडत उडाला. क्लोव्हर उजवीकडे सरकली, मी डावीकडे राहिले. पाच पावलांवर थांबून ती माझ्याकडेच बघत होती. घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि दचकला की आधी पळायचं हा त्याचा धर्मच. तिचा काही दोष नाही. डोक्याला लागलं नाही ते घोडेस्वारीच्या कडक टोपीमुळे. एकदा आपटलेली टोपी आतून दबते, पुन्हा वापरत नाहीत, म्हणून नवी घेतली. शिवाय आता अंगात जाड जाकीटही घालते.

फूलबागेवरून जाताना झाशीच्या राणीची समाधी दिसली की तुझ्या पोटात गोळा येतो, असं सोनू म्हणाली. राणीचा घोडा नाल्यापाशी अडला ही गोष्ट मलाही आजीनेच सांगितली. पण तो घोडा नवा होता, हेही आजीच सांगायची. क्लोव्हर मला दोन वर्षं ओळखते. सतरा वर्षांची आहे, पोक्त आहे.

बाबा, तुम्ही एवढंच विचारलंत, परत का बसलीस. हाड सहा आठवड्यांत जुळलं, पण भीती खांद्यापुरती राहिली नव्हती. जिना उतरताना कठडा धरायला लागले. सिग्नल हिरवा झाला तरी पाय उचलेना. हे असंच अंगात मुरलं तर उद्या घराबाहेर पडणं जड जाईल, असं वाटलं. म्हणून तबेल्यात गेले. पहिले दोन शनिवार क्लोव्हरला नुसता खरारा केला. मग दोरी धरून तिच्याबरोबर चालले. मग शिकवणाऱ्या बाईंनी दोरी धरली, मी दहा मिनिटं बसले आणि भीती वाटायच्या आत उतरले. घोड्याच्या मानेभोवती एक पट्टा असतो, घाबरलं की लगाम न ओढता तो धरायचा. सुरुवातीला माझी बोटं त्यातून सुटत नव्हती. बाई म्हणाल्या, तू श्वास रोखतेस, तिला वाटतं समोर काहीतरी आहे. मोठ्याने काहीतरी म्हणत राहा. एकही गाणं आठवेना. तोंडातून आलं ते तुम्ही घोटून घेतलेलं. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. तिचा डावा कान हळूच मागे वळला आणि तसाच राहिला. गेल्या शनिवारी त्याच कुंपणावरून गेलो. कुंपण आलं तेव्हा मी सतरा सातेवर होते, मागे पडलं तेव्हा दहावर.

इथली एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. आपल्याकडे झूल म्हणजे वरातीची. इथे घोड्यांना थंडीत कपडे असतात, रोजचे. आणि त्याआधी त्यांचे केस कापतात! थंडीसाठी देवाने दिलेली दाट लव मशीनने काढायची आणि वर गोधडी घालायची. मी विचारलं, तर म्हणतात, लव दाट असली की काम करताना घोड्याला घाम येतो, तो तासन्‌तास वाळत नाही आणि ओल्या अंगाला गारठा बसतो. म्हणून कापा आणि पांघरूण घाला. पांघरुणंही ग्रॅमवर, आत किती भरलंय त्यावर: पावसाचं वेगळं, दोनशे ग्रॅमचं वेगळं, कडाक्याच्या थंडीचं वेगळं. ऊन पडलं की बदला, ढग आले की बदला. आजोबांना हे सांगायला हवं होतं. आपला ग्वाल्हेरचा मेळा 1905 साली जनावरांसाठीच सुरू झाला, हे दरवर्षी सांगत ते मला तिथल्या घोड्यावर बसवायचे. यंदाचा मेळा पाहिलात का? तिळाची गजक पोचली. अर्धी संपली, उरलेली पुरवून खातेय.

गच्चीच्या कामाचे पन्नास हजार काल पाठवले. आई, तू घोडेस्वारीच्या शिकवणीचे पैसे विचारलेस. अर्ध्या तासाचे तीस पौंड आहेत, पण शनिवारी लीद उचलते, तबेला झाडते, म्हणून निम्मेच द्यावे लागतात. घरी पाठवायच्या पैशांना हात लावलेला नाही.

सोनूच्या लग्नाला बाराच दिवस रजा मिळाली. ग्रहमखाला पोचते, केळवणांना नाही. सोनू काही बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिच्या रुखवताची यादी पाठवा, इथून काय आणायचं ते खूण करून.

मावशीने पुण्याचं स्थळ सुचवलंय, त्यांना पडल्याचं सांगू नका असं ती म्हणते. बाबा, सांगा. मी तुमच्यापासून लपवलं तेवढं पुरे. मुलगा बोलायला तयार असेल तर मेमध्ये भेटेन, नाही म्हणत नाही.

आई, हाड जुळलं तिथे बोराएवढा उंचवटा राहिलाय. दुखत नाही. लग्नाच्या ब्लाउजचं माप सोबत आहे. शिंप्याला गळा डावीकडे थोडा वर ठेवायला सांग, आणि मी आल्यावर आधी तो बघू नकोस, आधी मला जवळ घे.

तुमची,
चिमी