भोकांत वाळूऐवजी क्रश सँडची भुकटी भरल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
मैदान देखभाल विभाग

विषय : ग्रीनचं एअरेशन व टॉप ड्रेसिंग – चुकीची वाळू, अपुरी खोली

महोदय,

पुण्याजवळच्या आमच्या गोल्फ कोर्सवर मे महिन्यात तुमच्या माणसांनी ग्रीनचं (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचं) एअरेशन आणि टॉप ड्रेसिंग केलं, म्हणजे भोकं पाडून त्यांत व वर वाळू पसरली. पहिल्याच मोठ्या पावसात सातव्या ग्रीनवर पाणी तुंबलं आणि दुपारपर्यंत हललं नाही. एअरेशनच्या आधी तिथे इतकं पाणी साचत नव्हतं, हे मुद्दाम लिहितो.

कप कटरने (होल पाडायच्या हत्याराने) तिथला प्लग, म्हणजे गवतासकट मातीचा गोल तुकडा, काढून उभा चिरला. भोकं जेमतेम १.५ इंच खोल. कोटेशनमध्ये ३ इंच आहे. टाइन (यंत्राचे भोकं पाडणारे दात) झिजलेल्या आहेत हे तुमच्या ऑपरेटरला तेव्हाच दाखवलं होतं. "चालतंय साहेब" एवढंच उत्तर मिळालं. भोकांत भरलेला माल राखाडी आणि इतका घट्ट बसलाय की बोटाने उकरत नाही. गवताची मुळं त्याच्या कडेला येऊन अडलीत. उरलेल्या पोत्यातली मूठभर वाळू बरणीत पाणी घालून ढवळून ठेवली, तर सकाळी वाळूवर बोटभर गाळ.

ही धुतलेली सिलिका वाळू नव्हे, बेसाल्ट दगड फोडून केलेली क्रश सँड आहे, तीही भुकटीसकट. स्लॅबला चालेल. ग्रीनसाठी ०.१५ मि.मी.पेक्षा बारीक कण, गाळ आणि चिकणमाती धरून, १० टक्क्यांच्या वर नकोत, हा यूएसजीएचा (अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचा) निकष आम्ही ऑर्डरमध्येच लिहिला होता. चाळणी चाचणीचा अहवाल वारंवार मागूनही आला नाही. का आला नाही ते आता कळतंय. वर राहिलेल्या खड्यांनी मोवरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) रीळला आणि बेडनाइफला, म्हणजे फिरत्या आणि स्थिर पात्यांना, खाचा पडल्या, ते वेगळंच.

तुमचे प्रतिनिधी फोनवर म्हणाले, पावसाने वाळू आपोआप खाली बसेल. बसलीच आहे, तेच तर दुखणं आहे. वर पसरलेला माल एकवेळ झाडून काढता येतो. भोकात गेलेला काढायचा तर त्याच ग्रीनवर पुन्हा पोकळ टाइन चालवण्याशिवाय इलाज नाही, आणि तो खर्च क्लबने का करावा?

तेव्हा पावसाने उघडीप दिली की, बर्म्युडा गवताची वाढ चांगली असतानाच, नव्या टाइन लावून पूर्ण ३ इंच खोलीचं काम तुमच्या खर्चाने पुन्हा करून द्यावं. निघालेले प्लग उचलून न्यावेत. मागच्या वेळी ते ग्रीनवरच ठेवून त्यांवर वाळू ओढली होती. नवी वाळू नमुना आणि अहवाल आम्ही मंजूर केल्यावरच गेटच्या आत येईल. तोवर बिलाची उरलेली रक्कम मिळणार नाही. रीळ ग्राइंडिंगचं बिल त्यातूनच वळतं करू.

लेखी उत्तर आठ दिवसांत हवं. फोन नको.

आपला,
मानद सचिव, ग्रीन कमिटी

सोबत : प्लगचे फोटो, ऑर्डरची प्रत, ग्राइंडिंगचं बिल