नानजिंगला, सानूस

सोलापूर

चि. सानूस अनेक आशीर्वाद.

तुला ताप आल्याचं आम्हाला अमेयकडून कळलं, तेही आठवडा उलटल्यावर. एकटी दवाखान्यात गेलीस, सलाईन लावून घेतलंस आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हजर! आईने फुगून जेवण टाळलं. मी रागावलेलो नाही. एवढंच विचारतो, रात्री दोन वाजता ताप चढला तर दार कुणाचं वाजवणार आहेस?

असो. हे लिहायचं नव्हतं.

तुझी मेल आईला दोनदा वाचून दाखवली. वीचॅट हे चिनी अ‍ॅप इथे २०२० पासून बंद, तुझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅप धड लागत नाही, म्हणून आता मेलच बरी. तिथल्या दवाखान्याचं तू लिहिलंस ते वाचलं: आधी नंबर लावायचा, मग डॉक्टर, मग तपासणीचे पैसे भरून पुन्हा रांग, आणि सगळं फोनवरून. म्हणजे बॅटरी संपली की माणूस निराधार! पॉवरबँक जवळ ठेव. खोली बदलशील तेव्हा चोवीस तासांत पोलिस चौकीत नोंद कर, घरमालकीण ‘राहू दे’ म्हणाली तरी. जन्मभर कचेरीत बसलोय, राहिलेला कागद कसा उलटतो ते मला विचार. अ‍ॅम्ब्युलन्सचा १२० पाठ आहे ना? पण पत्ता चिनीत सांगता येतो का? बघ, फिरून तेच. माफ कर.

हुआय नदीच्या उत्तरेला घरं तापवायची सरकारी सोय, दक्षिणेला नाही, हे मला अजून पटत नाही. नानजिंगचा पारा जानेवारीत शून्याखाली जातो, मग नदीने काय घोडं मारलंय? चादरी दोन पाठवतोय. ‘वजन फार होतं’ म्हणू नकोस.

परवा भैया चौकातून येताना डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरापाशी थांबलो. १९३८ साली इथला पोरगा डॉक्टर म्हणून चीनला गेला, चिनी शिकला, पेशंटांशी त्यांच्याच भाषेत बोलायला लागला, तिथल्याच नर्सशी लग्न केलं. (हा टोमणा नाही.) त्यांच्यानंतर आमची सानू, असं मी कट्ट्यावर सांगतो. नाना हसतात, हसू देत. पण १९४२ मध्ये कोटणीस तिथेच वारले तेव्हा वय अवघं ३२. दुखणं अंगावर काढत काम करत राहिले होते. हे कट्ट्यावर सांगत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजींनी तुझ्या हातातली गार पाण्याची बाटली काढून घेतली आणि गरम पाणी प्यायला लावलं, हे वाचून आई पहिल्यांदा हसली. त्यांचा नंबर घे. नंबर नको तर निदान तोंडओळख वाढव. पार्सलमध्ये शेंगाचटणीच्या दोन पुड्या आहेत, एक त्यांना नेऊन दे. तिखट सोसतं का ते आधी विचार.

आणि रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पाठव. अक्षरं चिनी असू देत, आकडे बार्शीचे काका वाचतील.

बाबा