लेकीच्या आयटीआयबद्दल

चिपळूण,
२० जून

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. लेक दहावी झाली याचा आनंद आहेच, पण तिने आपणहून आयटीआयचं नाव काढलं हे वाचून जास्त बरं वाटलं. इथे मिरगाचा पाऊस सुरू झालाय आणि जनरेटरचे सेट बघायला बोलावणारे फोनही. आज रात्री सवड मिळाली म्हणून सविस्तर लिहितो.

फिटर घ्यावा की इलेक्ट्रिशियन, असं तू विचारलंयस. दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे. माझं मत विचारशील तर प्रवेश इलेक्ट्रिशियनला घ्या. पुढे परवाना त्यावर मिळतो आणि परवाना नसेल तर पॅनेलला हात लावू देऊ नयेच. पण वीज तयार करणाऱ्या मशीनवर काम करायचं तिच्या मनात असेल, तर कानस, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि डायल गेज (शाफ्टची बारीक हालचाल मोजायचं घड्याळ) ही फिटरची हत्यारं हातात बसल्याशिवाय तिचं शिक्षण अर्धंच राहील. बिघाड काही ट्रेड बघून होत नाही.

एक उदाहरण देतो, तिलाही वाचून दाखव. मोठ्या जनरेटरच्या चुंबकीय क्षेत्रात किंचित असमानता असली की शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, थोडा व्होल्टेज तयार होतो. शाफ्ट, एक बेअरिंग, खालचा बेड, दुसरं बेअरिंग असा फेरा जुळला की त्यातून करंट वाहतो. तो तेलाचा थर फोडतो आणि व्हाइट मेटलवर, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या मऊ अस्तरावर, बारीक खड्डे पाडतो. हे होऊ नये म्हणून एका बाजूचं बेअरिंग बेडपासून इन्सुलेट केलेलं असतं. खाली इन्सुलेशनची शीट, बोल्टांना बुश. आता ओव्हरहॉलिंगनंतर कुणी त्याच बेअरिंगला तेलाचा पाइप साध्या लोखंडी फ्लँजने जोडला, की करंटला त्या पाइपातून वाट मिळते आणि ती शीट असून नसल्यासारखीच. काही दिवसांनी बेअरिंग तापायला लागतं. फिटर तेलाला दोष देतो, इलेक्ट्रिशियन म्हणतो बेअरिंग माझ्या कामात येत नाही, आणि नवीन बेअरिंग बसवलं तरी तेही तसंच जातं. दोन्हीकडचं कळणारा माणूस आधी बेअरिंग आणि बेड यांच्यामध्ये मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून बघतो.

उलटही होतं. इंजिन आणि जनरेटर जोडणाऱ्या कपलिंगचं अलाइनमेंट (दोन्ही शाफ्ट एका रेषेत असणं) नीट नसलं की मशीन हादरतं, बेअरिंगचा खेळ वाढतो आणि शेवटी फिरता रोटर स्थिर स्टेटरला घासतो. जळालेली वाइंडिंग (तारांची गुंडाळी) बघून सगळे इलेक्ट्रिकल फॉल्ट म्हणतात. मूळ कारण डायल गेज न लावण्यात असतं.

माझं मन या कामावर पक्कं बसलं ते २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी शहरात घुसलं तेव्हा पार्किंगमध्ये, तळमजल्याला ठेवलेले सेट चिखलात गेले. पाणी उतरलं की प्रत्येकाला एकच घाई, सेट चालू करा. मी आधी बॅटरी सोडवायला लावायचो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पाणी राहिलं असेल आणि स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवायचं, तेल सोडून बघायचं. दुधासारखं पांढरट निघालं की पाणी मिसळलेलं आहे.

अल्टरनेटरचं, म्हणजे सेटच्या वीज तयार करणाऱ्या भागाचं, काम त्याहून सबुरीचं. गाळ गोड्या पाण्याने, जोर न लावता धुवायचा. मग एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारं कार्ड) आणि रोटरवरचे फिरते डायोड सोडवून ठेवायचे, नाहीतर मेगरच्या पाचशे व्होल्टने तेच जातात. मग वाइंडिंग हळूहळू तापवायची. गंमत अशी की तापवायला लागल्यावर मेगरचा आकडा आधी खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं काम बिघडलं. पण इन्सुलेशन गरम झालं की तसं व्हायचंच. ओलावा बाहेर पडायला लागला की आकडा चढतो, आणि पुरेसा चढून स्थिर झाला की मग वाइंडिंग कोरडी झाली म्हणायची. एक मेगओहमच्या खाली असताना सेट चालू करायचा विचारसुद्धा नको. त्या दिवसांत शेजारी उभा राहून विनवणारा माणूस आणि मेगरचा काटा, या दोघांपैकी मी काट्याचं ऐकलं. बरेच सेट वाचले.

ज्यांचे सेट बुडाले त्यातल्या काहींनी ते परत त्याच जागी ठेवलेत, याचं मला फार वाईट वाटतं. उंच चौथरा बांधायला किती पैसे लागतात रे? मी दर पावसाळ्याआधी सांगत राहतो.

समुद्राकाठी वेगळाच त्रास. हर्णैकडच्या बर्फ कारखान्यांत खाऱ्या हवेने तांब्याच्या लग्जवर, म्हणजे तारांच्या टोकांच्या जोडांवर, हिरवं चढतं, बंद मशीनमध्ये दमटपणा बसतो. मशीनच्या आतला छोटा स्पेस हीटर चालू ठेवला तर निम्मा त्रास टळतो.

तिला मोठी मशिनं बघायचा ध्यास आहे असं तू लिहिलंयस. ती आपल्या उशालाच आहेत, कोयना प्रकल्पात. पोफळीच्या भूमिगत वीजगृहातून सुटलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्याला पुन्हा टर्बाइनवर घेतात, मग ते वाशिष्ठीत सोडतात. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॅट. तिथे शिकाऊ उमेदवारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. उभ्या मशीनचं सगळं फिरतं वजन थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडवर, केसापेक्षा पातळ तेलाच्या थरावर तोललेलं असतं, हे तिने डोळ्यांनी बघायला हवं.

विजेच्या कामातल्या धोक्याची वहिनींची काळजी रास्त आहे, म्हणून हेही सांगतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस लाइट नव्हते. तेव्हा लोक चेंजओव्हर स्विचशिवाय (घर एकतर बाहेरच्या लाइनला नाहीतर सेटला जोडणारा स्विच) सेट थेट घराच्या वायरिंगला जोडत होते. तो करंट ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून बाहेरच्या तारांमध्ये जातो आणि बंद लाइन समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. असं जोडलेलं दिसलं की मी तार सोडवूनच तिथून निघायचो, मग मालक कितीही रागावो. तिला पहिल्या दिवसापासून एक सवय लागली पाहिजे: स्विच बंद, कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात, आणि तरीही टेस्टर लावून खात्री. हे पाळणाऱ्या पोरीला मी कुठल्याही साइटवर पाठवीन.

प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, तारीख चुकवू नका. त्याआधी तिला चार दिवस माझ्याकडे पाठव. वर्कशॉपमध्ये एक अल्टरनेटर खोलून ठेवलाय, तोवर जोडत नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत चालू मशीनजवळ नेणार नाही, पण खोललेलं सगळं हाताळू दे. पायात चपला नकोत, बंद बूट हवेत. गाडी कुठली ते कळव, मी स्टेशनवर येतो.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझाच,
चिपळूणकर दोस्त