गावपळणीला नेता येईल अशी गाडी

पर्थ

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले दोन्ही गाड्यांचे फोटो पाहिले. तीन-चार रात्री तेच डोक्यात आहे. फोनवर तुमचं म्हणणं पुरतं ऐकून होत नाही आणि माझंही धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले.

आधी मत सांगते, कारणं मागाहून. पिकअप आणि तिच्या मागे ओढायचा राहायचा ट्रेलर, हे घेऊ नका. कोल्हापूरला टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून देतात ते मोटरहोम घ्या, आणि तेही लांब नव्हे, आखूड चेसिसवरचं.

तुमचा कल ट्रेलरकडे आहे आणि तुमची कारणं खरी आहेत. पिकअप सोडवून घेता येते. ट्रेलर एखाद्या माडाच्या बागेत टेकवून ठेवला की पिकअप घेऊन बाजारात, देवळात, डॉक्टरकडे जाता येतं. मोटरहोममध्ये दूध आणायला निघायचं तरी सगळी भांडी आवरून, कपाटांच्या कड्या लावून घरच हलवावं लागतं. इंजिन बिघडलं तर मोटरहोमसकट अंथरूण-पांघरूण गॅरेजमध्ये जातं, ट्रेलर मात्र जागच्या जागी राहतो. शिवाय आंब्याच्या पेट्यांना पिकअप लागतेच. यातलं एकही मी खोडून काढणार नाही.

पण दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. आम्ही इथून ॲडलेडला गेलो होतो, नवीनच घेतलेल्या वापरलेल्या कॅरव्हानला, म्हणजे अशाच राहायच्या ट्रेलरला घेऊन. नलार्बरच्या माळावर आयर हायवेचा एक तुकडा आहे, बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्या मधे. तिथे १४६.६ किलोमीटरमध्ये एकही वळण नाही. बाबा, आपल्याकडे गुहागरहून चिपळूणला जाताना दीडशे मीटर सरळ रस्ता कुठे लागतो, हे तुम्हीच सांगा. तर अशा त्या सरळ, सपाट, कोरड्या रस्त्यावर मी ताशी नव्वदच्या आसपास चालवत होते. समोरून रोड ट्रेन आली. एका इंजिनामागे दोन ट्रेलर, लांबी ३६.५ मीटर. ती बाजूने गेली आणि हवेचा धक्का बसून आमची कॅरव्हान डोलायला लागली. आधी थोडी, मग जास्त, मग तिच्या झोकाने आमची गाडीच डावी-उजवीकडे फेकली जायला लागली.

अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबायचा नसतो. दाबला तर मागचं वजन पुढे येतं आणि ट्रेलर गाडीच्या अंगावर आडवा होतो. स्टिअरिंगनेही झोक मारायला जायचं नाही, ते सरळ धरायचं, पाय उचलायचा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. आमच्या डॅशबोर्डवर त्याचं वेगळं बटण होतं, ते मी दाबून धरलं. गाडी सावरली. कडेला थांबवून मी उतरले तेव्हा पाय लटपटत होते.

चूक माझीच होती. पाण्याचे कॅन, तांदळाचं पोतं, हत्यारांची पेटी, सगळं मी कॅरव्हानच्या मागच्या खणात भरलं होतं, कारण जागा तिथे होती. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हुकाच्या बॉलवर पडायला हवा. दीड टनाचा ट्रेलर असेल तर दीडशे किलो. मागे वजन वाढलं की पुढचा भार उचलला जातो आणि मग ट्रेलर शेपटासारखा हलतो. म्हणजे प्रत्येक वेळी निघताना नारळाची पोती कुठे ठेवली, पाण्याची टाकी ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, ती अर्धी आहे की भरलेली, याचा हिशेब करायचा. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. हे तुम्हाला जमणार नाही असं मी म्हणत नाही. पण रोज, न चुकता, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हे का करायचं, एवढंच विचारते.

तुम्ही ३१ वर्षं एस.टी. चालवलीत. कुंभार्ली घाट तुम्ही पावसात, धुक्यात, रात्रीचा उतरवला आहे. तुम्ही म्हणाल, पिकअप आणि ट्रेलर मिळून लालपरीएवढीच तर लांबी. खरं आहे, सव्वापाच मीटरची पिकअप आणि दांड्यासकट तेवढाच ट्रेलर. पण लालपरी मधे मोडत नाही. ट्रेलर मोडतो. घाट उतरताना तो मागून ढकलतो, आणि नेमकं वळणावर ढकललं तर गाडी कात्रीसारखी मिटते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असले तर हे सांभाळता येतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत त्या ट्रेलरच्या चाकांपाशी मला ब्रेकचं काहीच दिसलं नाही. मालकाला विचारा. नसतील तर तो विषय तिथेच संपवा, किंमत कितीही कमी सांगू दे.

रिव्हर्सचं तर वेगळंच. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवायचं. तुमच्या हाताला इतक्या वर्षांत जी सवय लागली आहे, तिच्या बरोबर उलट. आणि आपल्या कोकणात रिव्हर्स घेतल्याशिवाय दिवस जात नाही. समोरून वाळूचा डंपर आला, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मग कुणीतरी मागे जायचंच. तेव्हा मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणार कोण? आई. त्या गुडघ्यांनी, उतरून, रस्त्यात.

आणि जंगलजेट्टी, गाड्या खाडीपार नेणारी ती बोट. आपलं गाव दोन खाड्यांच्या मधे. उत्तरेला जायचं तर धोपावे-दाभोळ, दक्षिणेला तवसाळ-जयगड. नाहीतर चिपळूणला वळसा किंवा भातगावचा पूल. सुकतीला पाणी खाली गेलं की उताराचा कोन वाढतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पिकअप चढावर, ट्रेलर अजून उतारावर, आणि मधला दांडा जमिनीला घासतोय, अशी स्थिती मी इथे बोटीवर चढताना पाहिली आहे. शिवाय आत गेल्यावर पोरं गाड्या एकमेकींना खेटून लावायला सांगतात. तिथे ट्रेलरवाल्याची फार ओढाताण होते.

आता आई, तुझ्याशी.

विषय निघाला की तू म्हणतेस, ‘तुमचं काय ते ठरवा, मी बसेन.’ पण गेल्या रविवारी बाबा बाहेर गेले होते तेव्हा तू मला हळूच विचारलंस, ‘त्यात कमोड असतो ना गं?’ आणि मग म्हणालीस, ‘पुढच्या गावपळणीला जायला मिळेल का?’ तेव्हापासून माझ्यासाठी हा गाडीचा प्रश्नच राहिलेला नाही.

तू लहानपणी सांगायचीस ते सगळं मला आठवतं. रामेश्वराचा कौल झाला की तुझ्या माहेरचं अख्खं आचरं गाव घरं बंद करून वेशीबाहेर जायचं. गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री. माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या, तीन दगडांची चूल, आणि आजीने पदरात बांधून आणलेलं मीठ. गावात एक माणूस उरायचा नाही. तू म्हणायचीस, रात्री गावाकडे बघितलं की एकही दिवा नसायचा आणि समुद्राचा आवाज एरवीपेक्षा मोठा यायचा. तीन-चार वर्षांनी एकदा येतं ते, आणि लग्नानंतर तुला किती वेळा जायला मिळालं? बाबांना सुट्टी नसायची, मग आमच्या शाळा, मग गुडघे. आता गुडघे बदलून झाले, पण खाली बसता येत नाही, झोपडीत जमिनीवर झोपता येत नाही, आणि माळावर रात्री उठून कुठे जायचं, हा प्रश्न तू कुणाला विचारू शकत नाहीस.

म्हणून मी गाडी निवडताना तीच जागा डोळ्यांपुढे ठेवली. वेशीबाहेरचा माळ, मामाची झोपडी आणि तिच्या शेजारी आपली गाडी. तिथवर जाणारी वाट बैलगाडीची. सहाएक मीटरची एकसंध गाडी तिथे जाईल आणि वळेलही. ट्रेलर आत गेला तर बाहेर काढायला चार माणसं लागतील.

अजून एक. चालत्या ट्रेलरमध्ये कुणी बसायचं नसतं. म्हणजे पूर्ण प्रवास तू पिकअपच्या सीटवर. डॉक्टरांनी तासाभराने पाय मोकळे करायला सांगितलं आहे. मोटरहोममध्ये चालत्या गाडीत तूही बेल्ट लावून बसायचंस, आडवं व्हायचं नाही, हे पक्कं. पण बाबांनी कडेला घेतलं की खाली न उतरता, पावसात न भिजता, मागे चार पावलं चालायचंस, पाय पसरायचेस, कमोड वापरायचास. ट्रेलरमध्ये जायला आधी पिकअपच्या उंच सीटवरून उतरायचं, मग ट्रेलरच्या पायऱ्या चढायच्या. दिवसातून आठ वेळा.

बाबा, आणखी एक गोष्ट लिहिताना मला जड जातंय. चिपळूणला तुमची शुगर खाली गेली तो दिवस. त्या वेळी शेजारच्या मुलाने तुमची गाडी घरी आणली. मोटरहोम ट्रॅव्हलरचं असेल तर कुठल्याही गावात ट्रॅव्हलर चालवणारा एखादा मुलगा मिळेल, तिचा मेकॅनिक मिळेल, पार्ट मिळतील. ट्रेलर मागे लावून चालवणारा माणूस जैतापूरच्या पुलाजवळ रात्री आठ वाजता कुठून आणायचा? तुमचं लायसन आता पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरणाला जातं आणि दर वेळी डॉक्टरचा दाखला लागतो. तुम्ही तो मिळवालच. पण आई गाडी चालवत नाही, आणि मी दोन समुद्र पलीकडे आहे.

पावसाच्या बाबतीत मात्र ट्रेलर बरा, हे मान्य. चार महिने तो झाकून ठेवला की झालं, इंजिनच नाही. मोटरहोम उभं राहिलं की बॅटरी बसते, गाद्यांना बुरशी येते, आणि आपल्या खाऱ्या हवेत तळाचा पत्रा गंजतो. त्यासाठी विहिरीमागे पत्र्याची शेड घालूया, उंची सव्वातीन मीटर तरी ठेवा, टपावर सोलर पॅनेल येणार आहे. आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून पालशेतपर्यंत चक्कर मारा. जूनच्या आधी टपाचे सांधे सीलंटने भरून घ्या. शेडचा खर्च माझा, यावर वाद नको.

आंब्याच्या पेट्यांना दीड महिना भाड्याचा टेम्पो करा. आपल्या पेट्यांसाठी वर्षभर पिकअप दारात ठेवायची गरज नाही. आणि मुक्कामी बाजारात जायला रिक्षा आहेत, मालवणला तर पाहिजे तेवढ्या.

एसीचा फार विचार करू नका. दोनशे ॲम्पिअर-तासांची बारा व्होल्टची बॅटरी म्हणजे २४०० वॅट-तास. हजार वॅटचा एसी त्यावर दोन-सव्वादोन तास चालेल. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना जाळीच्या मोठ्या खिडक्या, टपावर हवा बाहेर फेकणारा पंखा आणि मुक्कामाला झाडाची सावली. मे महिन्यात तसंही तुम्ही घर सोडणार नाही, आंबा असतो.

पैसे देण्याआधी तिघांनी मिळून एवढं करायचं. बाबा, आपल्या पाणंदीत सगळ्यात अरुंद जागा पिंपळाजवळच्या गडग्याची, तिथे टेप लावून रुंदी मोजा, आणि वरच्या विजेच्या तारेची उंची वायरमनला विचारा, काठी लावून बघू नका. मग कोल्हापूरला जाताना आईला घेऊन जा. आंबा घाटाने जा, साखरप्याला थांबून तिचे पाय मोकळे करा. बांधणाऱ्याला सांगून तयार गाडी चार दिवस भाड्याने मिळते का पाहा, आणि मिळाली तर ती तवसाळच्या जेट्टीवर सुकतीच्या वेळेला घेऊन जा.

आई, तू गाडीत चढताना घाई करू नकोस. पायरी तीनदा चढ-उतर. दांडी कुठल्या हाताला हवी ते तिथेच सांग, तुझ्या उजव्या खांद्याला उंच पकडता येत नाही हे त्या माणसाला माहीत असणार नाही. कमोडवर बसून बघ, दार लावून, आणि उठताना हाताला काय धरता येतं ते बघ. बाबा मापं बघत राहतील, त्यांना बघू दे. तुला बरं वाटलं नाही तर तसं तिथेच म्हण. ‘तुमचं काय ते ठरवा’ असं म्हणू नकोस.

आणि मामाला फोन करून विचारून ठेव, कौल कधी लावणार आहेत. तारीख कळली की मी रजा टाकते. त्या तीन रात्रींतली एक मला तुझ्याबरोबर माळावर काढायची आहे, गावात दिवा नसताना.

तुमची लेक