विनूच्या हातासाठी, वैशूला

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय वैशू,

तुझं पत्र मिळालं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. विनूची मनगटातली नस जोडून दोन महिने झाले, तरी अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना काही कळत नाही, म्हणून ऑपरेशन फसलं असं तो धरून बसलाय ना? त्याला सांग, एवढ्यात कळणारच नाही. टाके घालून नसेची टोकं जुळवतात. आतले तंतू मात्र तिथून नव्यानं वाढत बोटांपर्यंत जावे लागतात, तेही दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगट ते बोटाचं टोक पट्टीनं मोज, म्हणजे किती महिने लागतात ते तुलाच कळेल.

माझ्या हाताची नस जोडली तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताई मनगटापासून तळव्याकडे हलक्या टिचक्या मारत जायच्या. एका जागी टिचकी बसली की बोटांत झिणझिण्या यायच्या, म्हणजे तंतू तिथवर पोचलेत, आणि ती जागा हळूहळू पुढे सरकत होती. त्यानं मला जो धीर आला, तो कुणाच्या समजावण्यानं आला नव्हता.

पुढचं त्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर घाबरेल. स्पर्श परत येतो तो वेडावाकडा. तर्जनीला हात लावला की मला मधल्या बोटात कळायचं. सुती ओढणीसुद्धा बोचायची. तंतू जुन्याच वाटेनं जातात असं नाही, त्यामुळे मेंदूला सगळं परत शिकवावं लागतं. आधी बघत बघत बोटाला स्पर्श करायचा, मग डोळे मिटून, मग उघडून खात्री करायची. थोडाच वेळ, पण दिवसातून बरेचदा आणि शांत जागी. नंतर आई परातीत तांदूळ घेऊन त्यात किल्ली, बटण, नाणं लपवायची. तुळशीबागेतून खण, मखमल, मांजरपाट असे तुकडे आणले होते. डोळे मिटून पहिल्यांदा खण ओळखला तेव्हा आम्ही दोघी रडलो गं!

तोवर गरम कप आधी चांगल्या हातानं बघायचा, आणि रात्री बोटांवर कुठे भाजलं-कापलं नाही ना हे तपासायचं. हे विसरू देऊ नकोस.

सगळं पहिल्यासारखं होईल असं मी म्हणणार नाही. मला अजून अंधारात ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. पण भाजी चिरते, हे पत्रही त्याच हातानं लिहितेय.

त्याला घेऊन ये. स्वारगेटला उतरलात की फोन कर, बाबा घ्यायला येतील. त्याच्या हाताची पट्टी आणि सगळे कागद आठवणीनं आण.

तुझीच,
मंजू